उन्हाळ्यात मोजलेली नदी

माझं माहेर यावलकडचं. तिकडे केळीच्या बागा, पाणी म्हणजे पाटाचं नाहीतर विहिरीचं. लग्न होऊन इकडे शिंदखेड्याच्या बाजूला आली तेव्हा पहिल्यांदा एवढी मोठी नदी पाहिली. गावातून खाली उतरलं की तापी. पलीकडचा काठ शिरपूरचा. इतकी वर्षं तिचं पाणी प्याली, तिच्यात धुणं धुतलं, पण नावेत कधी बसली नाही. नावेत बसायचे ते भोई, आणि ज्याचं वावर पलीकडे तो. बाईमाणसाचं नदीशी काम गुडघाभर पाण्यापर्यंत.

तरी मीच तिला बोलून बसली होती, की या काठापासून त्या काठापर्यंत तुला साडी नेसवीन. ते कसं झालं ते आधी सांगते.

मला एकच पोरगा. मिसरूड फुटलं नाही तोच तो सुरतेला गेला, कापड रंगवायच्या मिलमध्ये. आमच्याकडची कितीतरी पोरं तिकडेच. नरडाण्याला गाडीत बसलं की सुरत. वावर होतं ते दोघांचं पोट भरेल एवढंही नव्हतं, मग तिसऱ्यानं थांबून काय करायचं? गेला. एका वर्षी पावसाळ्यात सुरतेत पाणी घुसलं. टीव्ही गावात दोनच घरी होता. एका घराच्या ओट्यावर आम्ही बाया उभ्या राहायचो, आणि आत दिसायचं ते नुसतं पाणी, आणि पाण्याच्या वर घरांचे माळे. माझा पोरगा राहायचा ती खोली खालच्या मजल्यावर. मोबाईल नव्हता त्याच्याकडे. एका टपरीवाल्याचा नंबर होता, तो लागेना. त्याचे वडील नरडाण्याला जाऊन आले. गाड्या बंद.

मग मी नदीवर गेली. दुसरं कुठे जाणार. पाणी लाल, भरून चाललेलं. तिथे उभी राहिली तेव्हा मनात आलं, हे पाणी जातं ते तिकडेच जातं. आधी माझ्या दारावरून, मग त्याच्या. मी पूजाबिजा काही केली नाही, जवळ हळदकुंकूसुद्धा नव्हतं. डोक्यावर पदर घेतला आणि एक बाई दुसरीला सांगते तसं सांगितलं.

"माय, तू तिकडेच चालनी. मना पोऱ्या तठे शे. त्याना आंगवर जाऊ नको. तो जित्ता घर उना, ते तुले ह्या काठपाईन त्या काठलोंग साडी नेसाडसू."

पोरगा आला. पाणी ओसरल्यावर आला, अंगावर दुसऱ्याच कोणाचा शर्ट, पायात काही नाही. पत्र्यावर बसून होते म्हणे सगळे. मी आधी त्याला जेवू घातलं, मग रडली.

जेवण झाल्यावर त्याच्या वडिलांना नवसाचं सांगितलं. ते माझ्याकडे पाहतच राहिले.

"तुना लुगडाले ठिगळ," म्हणे, "आनि तू नदीले साडी नेसाडशी?"

आम्ही दोघं हसलो. त्या वर्षी हसायला काही झालं नाही, तेवढंच.

पण नवस हसून फिटत नाही. उन्हाळा आला की फेडू असं ठरवलं होतं. तेव्हा उन्हाळ्यात तापी एवढीशी व्हायची. वाळूच जास्त, मधून एक धार. सात-आठ साड्या जोडल्या असत्या तर झालं असतं. पण त्याच हिवाळ्यात पोराच्या वडिलांना लकवा झाला. एक बाजू गेली, बोलणं गेलं. खाटेवरच. मी सकाळी त्यांचं सगळं आवरून कापूस वेचायला जायची, कापूस संपला की मिरची खुडायला. मिरची खुडून आलं की हाताची आग व्हायची, आणि त्याच हातानं त्यांना भरवायचं, म्हणून मी चमचा वापरायची. असं बरीच वर्षं चाललं. मग ते गेले.

ते गेले आणि नवसाची गोष्ट आणखी अवघड झाली. नदीला साडी नेसवायची ती सवाष्णीनं. टोक धरायचं तिनं, हळदकुंकू लावायचं तिनं, साड्यांना टाका घालायचा तोही तिनं. माझ्या हाताला आता ते चालत नव्हतं. म्हटलं, पोराचं लग्न होऊ दे, सून नेसवील. पोराचं लग्न झालं, सुरतेतल्याच आपल्या माणसांतली पोरगी मिळाली. तोवर खाली बंधारा झाला. आणि बंधारा झाल्यावर नदी उन्हाळ्यातही भरलेली राहायला लागली, वाळू दिसेनाशी झाली. मी काही केलं नाही, आणि माझा नवस रुंद होत गेला.

तशी मी कशाला भीत नाही. भ्यायला वेळ मिळाला नाही असं म्हणा. पण यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला छातीत दुखलं, धुळ्याला दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाला हृदय मोठं झालंय, जड काम करू नका. मला पाहायला माझी थोरली जाऊ आली होती. ती पलंगाच्या कडेला बसून बोलली, आणि ती जे बोलते ते बोलतेच, कोणाला बरं वाटो की वाईट.

"मरशी ते मरशी. पन नदीना नवस फेडी टाक पहिले. तू नई फेडं ते ती कोनाकडे मांगी? पोऱ्याकडेच मांगी."

आमच्याकडे असंच मानतात. आईनं बोललेला नवस राहून गेला तर तो ज्याच्यासाठी बोलला त्याच्या डोक्यावर जातो. आणि माझा पोरगा तर त्याच नदीच्या खालच्या टोकाला राहतो, पावसाळ्याचे सगळे दिवस. मी पलंगावर पडल्या पडल्या ठरवलं, यंदा फेडायचा.

घरी आल्यावर भजनातल्या बायांना सांगितलं. मला वाटलं होतं नाक मुरडतील. पण नावेचं नाव काढलं आणि सगळ्या पुढे सरकून बसल्या. नदीच्या काठी जन्म गेला त्यांचा, पण माझ्यासारख्याच, नावेत कोणीच बसलेलं नव्हतं. मग नवस राहिला बाजूला आणि फिरायला जायचंच ठरायला लागलं. दोन नावा करायच्या. एका नावेत साडी सोडणारे, दुसऱ्या नावेत बाकीच्या बाया. पलीकडच्या काठाला देवीचं देऊळ आहे, तिथे टोक बांधायचं, नारळ फोडायचा, झाडाखाली वरण-बट्टी खायची आणि संध्याकाळी परत. परत येताना साडी ओढून आणायची, टाके उसवायचे आणि ज्या घरची त्या घरी द्यायची. नदी नेसलेली साडी घरात असली की चांगलं.

"मी बठ्ठासना मझार बससू," थोरल्या जावेनं नावेतली मधली जागा आधीच मागून घेतली. "कडले नई. पानी दखं का मले चक्कर येस."

"तू मझार बसनी का नाव खालेच बसी जाई," भजनात टाळ वाजवते ती बोलली.

"बसू दे. तुले पोहता येस ना? मंग मले पाठवर ली जाय."

थोरली जाऊ अंगानं भरलेली आहे. तीच सगळ्यात जास्त हसली.

नावाडी आबा आमच्याच वयाचा. त्याला विचारलं तर म्हणे, आषाढात सप्तमीला तापीचा वाढदिवस असतो, तेव्हाच करा, मी नाव देतो, पोराची इंजिनची नाव पण देतो. पण साडी किती लागेल ते आधी मोजायला पाहिजे. वैशाख चालू होता. वावरात काम नव्हतं, बाया मोकळ्या होत्या. आबानं सुंभाचा दोर घेतला, एक टोक आमच्या घाटाच्या दगडाला बांधलं आणि नाव वल्हवत पलीकडे गेला. आम्ही या काठावर बसून बघत होतो. दोर संपला की दुसरा जोडायचा. तिकडे पोचल्यावर त्यानं हात वर केला. मग तो सगळा दोर गोळा करून आणला आणि आमच्या गावातल्या देवळाच्या आवारात वेटोळं घालून ठेवला.

त्या दोराच्या मापानं साड्या जोडायला सुरुवात केली. घरटी एक साडी. कोणी नवी दिली, कोणी एकदा नेसलेली, कोणी लेकीच्या लग्नात आहेर आलेली आणि कधीच न आवडलेली. देवळाच्या आवारात दुपारी बाया बसायच्या आणि पदराला पदर लावून टाके घालायच्या. मी सुईत दोरा ओवून द्यायची, तेवढं चालत होतं, आणि चहा करायची.

"नवस तू बोलनी," थोरली जाऊ सुई ओढत म्हणायची, "आनि साड्या आम्हन्या पेटीमधल्या! आनि टाका भी आम्हीच घालाना. तू काय करस मग?"

"मी चहा करस ना, अक्का."

"त्याबी चहामा साखर कमी."

असं करत ती साडी झाली. हिरवी, पिवळी, चॉकलेटी, फुलांची, मोरांची. घडी घालून ठेवली तर देवळाच्या खांबाजवळ माझ्या कमरेएवढा ढीग झाला. मी रोज दुपारी जाऊन त्याच्यावरचं कापड नीट करून यायची, कुत्रं बसू नये म्हणून. रात्री झोप लागायला लागली होती. इतक्या वर्षांनी एक गोष्ट हाताशी आली होती.

पोरगा आला सुट्टी काढून. सून आली, नातीला आणलं. मिलमध्ये सुट्टी मिळणं सोपं नसतं, शेठला सांगितलं आईचा नवस आहे, तेव्हा कुठे सोडलं. मी त्यांना घेऊन देवळात गेली, ढीग दाखवला. पोरगा कापडातला माणूस, त्यानं हात लावून पाहिलं, टाके ओढून पाहिले, चांगलं केलं म्हणाला. सून ढिगाच्या शेजारी उभी राहून खाली नदीकडे पाहत होती. दोन दिवसांपासून पाणी वाढत होतं. आपल्याकडे पाऊस विशेष नव्हता, पण वर, मध्य प्रदेशात पडत होता, आणि तिकडचं सगळं इथेच येतं. घाटाच्या खालच्या पायऱ्या गेल्या होत्या.

"माय," सून बोलली, "तुम्ही नदी मोजली कधी?"

"वैशाखात."

तिनं परत नदीकडे पाहिलं. मग आम्ही सगळ्या बायांनी पाहिलं. पलीकडच्या काठाला जिथे आबानं हात वर केला होता ती जागा पाण्यात होती. त्याच्याही मागे पाणी होतं, वावराच्या बांधापर्यंत. इकडे आमच्या घाटाचा दगड, ज्याला दोर बांधला होता, तो तर दिसतच नव्हता.

थोरली जाऊ मटकन खाली बसली.

"माय वं! आपन नदी उन्हायामा मोजी!"

एवढ्या बाया, सगळ्या नदीच्या काठच्या, दरवर्षी पूर पाहणाऱ्या. कोणाच्या डोक्यात आलं नाही. वैशाखात कामं नसतात म्हणून मोजलं, आणि आषाढात नदी वेगळी असते हे पोरासोरांना कळतं ते आम्हाला कळलं नाही. टाळवाली हसायला लागली. मग सगळ्याच हसल्या. मी नाही हसली.

पण बाया आमच्या गावच्या. त्याच दुपारी परत घरोघरी पेट्या उघडल्या. ज्यांनी आधी जुनी साडी दिली होती त्यांनी आता चांगली दिली, लाज वाटली असेल. थोरल्या जावेनं तिचा लग्नातला शालू आणला. विटलेला होता, पण शालू होता. मी म्हटलं, अक्का, हा नको. तर मला म्हणे, "चूप बस. तुनाकर्ता नई, नदीकर्ता देस." आणि सुनेला हाताशी घेऊन टाके घालायला बसली. सुनेचा हात मशीनवरचा, हातशिलाईला सवय नव्हती, बोटाला सुई टोचली तरी ती उठली नाही.

सप्तमीच्या सकाळी आम्ही सगळं घेऊन घाटावर गेलो. बट्ट्या तुपात बुडवून डब्यात भरल्या होत्या, वरणाचं पातेलं होतं, वांग्याची भाजी होती. बाया नटलेल्या. ज्यांनी ठेवणीतल्या साड्या दिल्या होत्या त्या साध्या साड्यांत, पण गजरे होते. साडीचा ढीग पोरानं आणि आणखी दोघांनी उचलून आणला होता.

ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सकाळपासून सांगणं चालू होतं, वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आहेत, नदीत कोणी उतरू नये, जनावरं नेऊ नये. आम्ही ऐकत होतो, पण ते दरवर्षीच सांगतात.

आबा घाटाच्या वरच्या पायरीवर बसला होता. दोन्ही नावा त्यानं वर ओढून झाडाला बांधल्या होत्या. बांधलेल्या नावा पाहिल्या तेव्हाच मला समजलं, तरी मी विचारलं.

"वहिनी," तो बोलला, "मी आज नाव सोडाव नई."

"इंजिनवाली ते चाली ना?"

"नाव मनी शे, वहिनी. पानी मनं नई."

पोरानं त्याला समजावून पाहिलं. म्हणाला, आबा, कमरेला दोर बांधू, मी आणि तुम्ही दोघंच जाऊ, बाया नको. आबानं नदीकडे बोट दाखवलं. मधोमध एक अख्खं बाभळीचं झाड चाललं होतं, मुळांसकट, फिरत फिरत. त्याच्यामागून काळं काहीतरी आलं. आधी वाटलं लाकूड आहे, मग पाय दिसले. म्हैस होती.

माझा हात आपोआप पोराच्या शर्टाला गेला आणि मी तो धरून ठेवला. मी त्याला सोडायला तयारच नव्हती, आबा हो म्हणाला असता तरी. जिच्यापासून त्याला मागून घेतला होता तिच्याच अंगावर त्याला पाठवायचं, हे माझ्या ध्यानात त्या वेळी आलं. आधी नाही आलं. दोन महिने साड्या जोडताना नाही आलं.

गावातला एक भगत आहे, अंगात येणं वगैरे नाही, साधा माणूस, पूजा करतो. तो म्हणाला, इथूनच ओटी भरा, टोक पाण्याला लावा, भाव पोचतो. बायांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी ह्या काठापासून त्या काठापर्यंत बोलली होती," मी म्हटलं.

"तिला समजतं हो, वहिनी," भगत म्हणाला.

"तिला समजत असेल. मला बोललेलं आठवतं."

सुनेनं नारळ फोडला, ओटी भरली, खण सोडला, तो झटक्यात गेला. साडीला मी पाणी लावू दिलं नाही. मग वरण-बट्टीचं काय करायचं? देवळाच्या आवारात पंगत बसली, नदीकडे तोंड करून. बाया हळूहळू बोलायला लागल्या. थोरली जाऊ म्हणाली, बरं झालं, मला चक्कर आली असती. टाळवाली म्हणाली, नाव वाचली. नातीनं विचारलं आपण उद्या जाऊ का. मी सगळ्यांना वाढलं. मी माझी बट्टी तशीच डब्यात ठेवली, पण ते कोणाला दिसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी आणखी चढलं. पोराची सुट्टी संपली.

निघायच्या सकाळी मी ओट्यावर बसली होती. साडीचा ढीग देवळातून घरी आणून ठेवला होता, पावसानं भिजेल म्हणून. पोरगा अंघोळ करून आला आणि माझ्या शेजारी बसला. आमच्यात असं बसून बोलणं कमी. तो आला की मी स्वयंपाक करते आणि तो खातो, तेच आमचं बोलणं.

"माय, तू नदीले नेमकं काय बोलनी व्हती?"

मी त्याला सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं. त्याला कधीच सांगितलं नव्हतं, नवस आहे एवढंच माहीत होतं. तो ऐकत होता, पायाच्या अंगठ्यानं ओट्याचं पोपडं काढत.

"मंग मांगनारी तू," तो बोलला. "पन भेटनं कोनले? मले भेटनं. जीव मना वाचना. मंग फेडनारा मी."

"तोंड बंद कर, पोऱ्या."

"काबरं? तुनी छाती दुखस. तू एवढं मनमा ली बसेल शे. दी टाक मन्हाकडे."

मी उठून उभी राहिली. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीला भीत होती, जिच्यासाठी दवाखान्याच्या पलंगावर डोळे मिटत नव्हते, ती गोष्ट हा पोरगा चप्पल मागावी तशी मागत होता. मी म्हटलं, असं बोलू नये, काही बोलायचंच असलं तर घरात बोलावं, नदीला ऐकू जाईल असं बाहेर बोलू नये. पण तो उठला होता. मी त्याच्यामागे निघाली. म्हातारी बाई, ती किती जोरात चालणार. मी घाटावर पोचली तेव्हा तो पाण्याजवळ उकिडवा बसलेला होता. ओंजळीत पाणी घेतलं होतं त्यानं.

"तापीमाय," तो मोठ्यानं बोलला, लपवून नाही, "मायनं जे बोलेल शे ते आतेपासून मन्हावर शे. तिले ईचारू नको. मले ईचार."

आणि पाणी सोडलं.

मी त्याच्या पाठीत मारलं. चाळिशीचा बाप्या तो, मी त्याला त्याच्या लहानपणीही फार मारलं नव्हतं. एक मारलं, दुसरं मारायला हात उचलला तो हातच खाली आला. आबा लांबून बघत होता, त्यानं तोंड फिरवलं. पोरगा उठला, माझा हात धरला आणि म्हणाला, "मारी ले. बोलनू ते बोलनू."

परत येताना तो पुढे आणि मी मागे. नाही, तो माझ्या चालीनंच चालत होता, पण मी त्याच्या शेजारी आली नाही. घरी सून बॅग भरत होती. तिला त्यानं काही सांगितलं नाही, मीही नाही. मी शेव आणि लोणचं बांधून दिलं. रिक्षा आली, नातीनं पाया पडून घेतलं, आणि ती तिघं नरडाण्याला गाडीला गेली.

दुपारी थोरली जाऊ आली. तिला सगळं कळलं होतं, आबानं सांगितलं असेल. मला वाटलं काहीतरी टोचून बोलेल. ती ओट्यावर बसली आणि पदरानं वारा घेत राहिली. ती टोचून बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

"आते काय व्हई?" मी विचारलं. "गयं का ते त्याना डोकावर?"

"मी काय सांगू," ती बोलली. "आपल्या मागे जातं ते आपन मेल्यावर जातं, असं ऐकेल शे. आपन जित्ता असताना, पोऱ्या सोता मांगी लेस, असं कोनंच नई ऐकेल."

तिनं इतकं प्रामाणिक बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी एकटी नदीवर गेली. पाणी तसंच होतं, जोरात, आवाज करत. तो बसला होता त्या जागी मला उतरता येत नव्हतं, म्हणून वरच्याच पायरीवर बसली. गाडी आतापर्यंत कुठे गेली असेल याचा हिशोब मनात चालला होता. मी नदीला सांगितलं, त्याचं ऐकू नको. तो बोलला ते मायेनं बोलला, त्याला काही समजत नाही, बोलली मी होती. पाणी उतरलं की मी फेडीन, मला बसता आलं नाही तर नावेत झोपून येईन. मागायचं ते मला माग.

हे सगळं बोलून झालं तेव्हा माझ्या मनात दुसरंच आलं, आणि ते आल्याची मला लाज वाटली नाही. आतापर्यंत ते ओझं माझ्या एकटीचं होतं. त्याच्या वडिलांनाही मी ते कधी उचलू दिलं नव्हतं, ते खाटेवर पडून होते, त्यांना काय सांगायचं. आज पहिल्यांदा कोणीतरी त्या ओझ्याला हात लावला होता. चुकीचा लावला असेल. पण लावला होता.

सकाळी तो माझ्यासाठी बोलला, संध्याकाळी मी त्याच्यासाठी. एकाच घाटावरून एकाच नदीला दोघांनी उलटं सांगितलं. तिनं कोणाचं ऐकलं ते मला माहीत नाही. पाणी खाली चाललं होतं, आणि ते जातं तिकडेच जात होतं. मी अंधार पडायच्या आत उठली, कारण पायऱ्यांवर शेवाळ होतं, आणि आता मला पडून चालणार नव्हतं.